देवघेवीची वर्गणी

२ सप्टेंबर २००७, परतूर

चष्म्याच्या डबीत दोडक्याचं बी! तक्रार इथे नोंदवून ठेवतो, कारण या घरात ती ऐकून घेणारं न्यायपीठ नाही. बी वाळत ठेवायचं होतं, डबी रिकामी दिसली — इति आमच्या सौ. पुष्पाबाई. डबी रिकामी होती कारण चष्मा माझ्या नाकावर होता, हे मी सप्रमाण मांडलं. "मंग नाकावरच राहू द्या. हरवणार तरी न्हाई." निकाल लागला. पाठशाळेत सात वर्षं तर्कशास्त्र घोकलं, ते या बाईपुढे सात मिनिटं टिकत नाही.

४ सप्टेंबर

वीज साडेसातला आली. लगेच आमची बैठक.

मुलगा पुण्याला जाताना जुना संगणक इथे ठेवून गेला. त्यावर 'परसदार' नावाचं संकेतस्थळ उघडतो, परसबागेची हौस असणाऱ्या लोकांचं. त्यातलं 'देवघेव' हे पान म्हणजे आमचा मुक्काम. कुणाकडे कसलं बी आहे, कुणाला कसलं हवं, ते तिथे लिहायचं. बी पाकिटातून टपालानं जातं. नाव पुष्पाबाईंचं, बाग तिची, ज्ञान तिचं. बोटं माझी. ती खुर्ची ओढून शेजारी बसते, गवारीच्या शेंगा मोडत सांगते, मी टाइप करतो. अर्धा तास ठरवतो, तास होतो. मध्येच वाळकाच्या वेलावरून तिच्या माहेरावर जाते, माहेरावरून कुणाच्या लग्नावर. एरवी आमचं दिवसाचं संभाषण म्हणजे "चहा ठेवू का" आणि "गॅसवाला आल्ता का".

हा तास मला फार आवडतो. हे वाक्य फक्त इथेच.

एक कबुली. ती सांगते, "वाल रातभर भिजू घाला, न्हाईतर कोंबच येत न्हाई." मी टाइप करतो, "वालाचे बीज एक रात्र जलस्थ ठेवावे, अन्यथा अंकुरण संभवत नाही." वाचून दाखवताना मात्र तिचंच वाक्य वाचतो. सभासद तिला 'विदुषी पुष्पाताई' म्हणतात. तिला वाटतं, वांग्यांमुळे.

९ सप्टेंबर

'परसदार' चालवणारा देवानंद, औरंगाबादला बँकेत आहे, भला माणूस. त्याची सूचना आली. दसऱ्यापासून वाचायला सगळं मोकळं, पण देवघेव फक्त वर्गणीदारांसाठी. वर्षाला अडीचशे रुपये. संकेतस्थळाच्या जागेचं भाडं तो तीन वर्षं पदरचं भरतोय. शिवाय कुणा महाभागानं देवघेवीतलं बी मागून घेतलं आणि पुड्या बांधून बाजारात विकलं. सभासदांनी महिनाअखेरपर्यंत मत कळवावं.

मी तडकलो. आष्टीची केशरबाई काय करणार? अंगणवाडीत काम करते, आठवड्यातून एकदा नेट कॅफेत दहा रुपये देऊन बसते. तिच्यासारखं शेंदाडाच्या वेलाचं बी साऱ्या तालुक्यात कुणाकडे नाही. तिच्यासाठी दार बंद?

१० सप्टेंबर

पुष्पाबाई तीन दिवस बहिणीकडे, वाटूरला. मी संगणकाकडे पाहतो, तो माझ्याकडे.

११ सप्टेंबर

मत लिहून टाकलं. पुष्पाबाईंच्या नावानं, कारण सभासद ती आहे. रीतसर — आधी देवानंदचा पूर्वपक्ष, मग त्याचं खंडन, शेवटी सिद्धांत: "बीज हे विक्रयानर्ह असून त्याच्या आदानप्रदानाचे द्वार द्रव्याच्या कुलुपाने बंद करणे हा बीजधर्माचा लोप होय." स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन दोनदा चहा केला.

१४ सप्टेंबर

पत्राखाली तेहतीस जणांनी दुजोरा दिला. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. पुष्पाबाई काल परतली. महालक्ष्म्यांची तयारी चालू, बैठक बंद. तिला पत्राचं सांगायचं राहून गेलं.

खोडतो. सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर

आज सापडलो.

दुपारी केशरबाईचा फोन. तिनं ते पत्र कॅफेत बसून वहीत उतरवून घेतलं, अंगणवाडीतल्या बायकांना वाचून दाखवलं. अर्धं कुणाला कळलं नाही, पण फार आवडलं म्हणे. ताईचे आभार मानायला फोन, आणि थोडं वाचूनही दाखवलं. पुष्पाबाई हं, हं करत राहिली. फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. हातात शेंगा नव्हत्या.

"विक्रयानर्ह म्हंजे काय हो?"

विकण्याजोगं नसलेलं, असं सांगितलं.

"आन् हे मी म्हणले?"

मी म्हणालो, तुझ्या वतीनं लिहिलं.

"वतीनं म्हंजे इचारून असतं. मला इचारलं असतं तर मी म्हणले असते, घ्या वर्गणी."

मग तिनं हिशेब दिला. वर्षात सतरा पाकिटं धाडली. उगवलं का मेलं, हे कळवणाऱ्या चौघी. तिच्या माहेरी बी दिलं की पहिल्या तोड्याच्या, म्हणजे पहिल्या काढणीच्या निरोपाची वाट पाहायची रीत. भाजी येवो न येवो, निरोप यायचाच; नाही आला तर त्या घरी पुन्हा बी जात नसे. बिलकुल फुकट दिलेलं बी लोक पेरत नाहीत, खिडकीत वाळवतात. अडीचशे मोजले तर निदान आठवणीनं मातीत तरी घालतील. यात मला एकही हेत्वाभास सापडला नाही.

त्यानंतर तिनं आधीचे लेख काढायला लावले. एकेक वाचून दाखवायला सांगितलं, जसं लिहिलंय तसं. जलस्थ, अंकुरण, सगळं. मग अगदी हळू म्हणाली,

"माझ्या बोलण्याची लाज वाटती का तुम्हाला?"

नाही म्हणालो. तिनं मान हलवली आणि उठून गेली. ते 'नाही' शंभर टक्के खरं आहे का, ते तपासत बसलो आहे. तिच्या बोलण्याची लाज कधी वाटली नाही. पण ते तसंच्या तसं ठेवण्याइतका विश्वासही दाखवला नाही. हे बहुतेक जास्त वाईट.

२३ सप्टेंबर

आज तिनं मत सांगितलं, मी टाइप केलं. प्रत्येक शब्दाखाली तिचं बोट पडद्यावर. उतरवून ठेवतो:

"मागलं पत्र माझ्या मालकानं लिहिलं, मला न इचारता. माझं म्हणणं हे. वर्गणी घ्या, भाडं कुणी एकट्यानं का भरावं. पण ज्यांनी तीन येळा पहिल्या तोड्याचा निरोप धाडला त्यांच्याकडून घेऊ नका. त्यांनी भरली."

मी सुचवलं, 'मालकानं' ऐवजी 'यजमानांनी' बरं दिसेल.

"बोटं चालवा."

३० सप्टेंबर

देवानंदनं मान्य केलं! तीन निरोपवाल्यांना वर्गणी माफ. दुजोरे एकावन्न — माझ्या सिद्धांतापेक्षा अठरा जास्त. मोजले, हो. केशरबाईचे निरोप सात आहेत, तिचं दार उघडंच. नागपूरच्या बाईंनी विचारलंय, यजमानांना जेवायला मिळतंय ना? मिळतंय. कारल्याची भाजी, सलग तीन दिवस.

७ ऑक्टोबर

पुष्पाबाई कळफलकासमोर बसली. केशरबाईनं फोनवर सांगितलं म्हणे, दोन बोटं पुरतात. 'वांगं' लिहायला अकरा मिनिटं लागली. अनुस्वार कुठे आहे ते मी दाखवणार होतो, तर हात बाजूला सारला. स्वतः शोधला. शोधल्यावर माझ्याकडे पाहून अशी हसली की मी लग्नाचं वर्ष आठवू लागलो.

१५ ऑक्टोबर

ती आता माझ्याशिवाय लिहिते. चुका भरपूर, आणि लोकांना फार आवडतंय. वाचलं मी. वाल कसा भिजवायचा ते वाचताना तिचा आवाज ऐकू येतो. माझ्या जलस्थ बीजातून कुणाचाच येत नव्हता.

२२ ऑक्टोबर

काल दसरा. देवघेव नव्या नियमानं सुरू झाली. केशरबाई आत आहे, देवानंदचं भाडं निघतंय, पुष्पाबाई खूश. आज साडेसातला वीज आली, ती संगणकावर बसली, मी इथे ओट्यावर. मघाशी आतून म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, मला येळ लागंल.

केशरबाईसाठी मी भांडलोच नव्हतो. अडीचशे रुपये मीच भरले असते तिचे. मला वाटलं होतं, वर्गणी लागली तर पुष्पाबाई म्हणेल, कशाला खर्च, सोडून देऊ — आणि तो तास जाईल. तास गेलाच. आता मला भीती वाटते, की माझी बोटं सोडून तिला माझ्याकडून दुसरं काही नको होतं.