हवाबंद घराची मोहीम

२ जून, सोमवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. नवं घर बांधायला घेतलंय, त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी. पुढे यावरून मार्गदर्शक पुस्तक लिहायचा विचार आहे. नाव ठरलं नाही, पण मुखपृष्ठावर मी हेल्मेट घालून असेन.

यंदापासून आमच्या या थंड भागात नव्या घरांसाठी ऊर्जाबचतीचे नियम बदललेत. घराने वीज कमी खावी, भिंतींतून, छपरातून, खिडक्यांतून ऊब निसटू नये, वगैरे. तपासणीत पास झालं तर दाखला, आणि दाखला असेल तरच राहायला जायची परवानगी. नियमांची पुस्तिका चौऱ्याऐंशी पानांची. लोक त्यासाठी सल्लागार नेमतात. आमच्याकडेही एक येऊन गेला. मी त्याला गोड बोलून वाटेला लावलं. ज्याला वाचता येतं त्याला सल्लागार कशाला?

संकल्प: रोज दहा पानं. नऊ दिवसांत पुस्तिका तोंडपाठ.

घर पंधरा नोव्हेंबरपर्यंत तयार हवं. सध्या आम्ही साडूच्या घरी, मागच्या खोलीत राहतो. सोळाला त्याच्या आई गुडघ्याचं ऑपरेशन करून त्याच खोलीत येणार आहेत. साडूने हे मला तीनदा सांगितलं. बायकोला एकदाच, कारण तिच्या लक्षात राहतं.

३ जून, मंगळवार
चार पानं झाली. त्यातलं एक मुखपृष्ठ आणि एक कोरं. सुरुवात छान आहे.

१४ जून, शनिवार
पान ११. इथे लिहिलंय की घर शक्य तितकं हवाबंद असावं. हवाबंद! जन्मभर ऐकत आलो की घर कसं हवेशीर हवं. लग्नात सासरेबुवांना माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही सापडेना, तेव्हा ते प्रत्येक पाहुण्याला सांगत होते की जावयाचं घर हवेशीर आहे. आता म्हणे फटी बुजवा. पुस्तिकेत छपाईची चूक असणार. वाचन तूर्त थांबवलं. चुकीची माहिती एकदा डोक्यात गेली की निघत नाही.

१६ जून, सोमवार
माझ्या अभ्यासिकेची पश्चिमेची भिंत सरकत्या दारासकट संपूर्ण काचेची करायची ठरवली. अकरा फूट. पुस्तक लिहायचं तर समोर मोकळं दिसायला हवं. मिस्त्री म्हणाला, साहेब, एवढ्या काचेतून ऊब टिकायची नाही. मी त्याला समजावलं की काचेतून ऊन आत येतं, ऊन फुकट असतं, म्हणजे जितकी काच तितकी बचत. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पटलं असावं.

बायको म्हणाली, एकदा कुणाला तरी विचारा. मी म्हटलं, मी मलाच विचारलंय.

२३ जून, सोमवार
खात्याचं पत्र आलं. नव्या नियमात एक फार सुंदर गोष्ट आहे. इन्सुलेशनचे, म्हणजे ऊब अडवणारे बोर्ड बसवल्यावर, गिलावा होण्याआधी, प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवायचे. भिंत आणि जमीन मिळते तिथे, भिंत आणि छप्पर मिळतं तिथे, प्रत्येक खिडकीच्या चौकटीभोवती. एकदा गिलावा झाला की आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून पुरावा.

शेवटी सरकारलाही कळलं की घर बांधणाऱ्या माणसाची कुणीतरी दखल घ्यायला हवी. उद्याच सेल्फी स्टिक आणतो.

२४ जून, मंगळवार
आणली. लाल रंगाची. सोबत दोन शर्टही घेतले, कारण तेच ते कपडे फोटोत बरे दिसत नाहीत.

९ जुलै, बुधवार
फोटोंचं काम जोरात. प्रत्येक जोडापाशी उभा राहतो, एका हाताने जोड दाखवतो, दुसऱ्या हाताने काठी. आज स्वयंपाकघराच्या चौदा जागा झाल्या. मिस्त्री दर दहा मिनिटांनी म्हणतो, साहेब, जरा बाजूला व्हा, इथे बोर्ड बसवायचाय. मी म्हणतो, आधी फोटो होऊ दे. माणूस कष्टाळू आहे, पण त्याला कागदपत्रांचं महत्त्व नाही.

मान आखडली आहे. हसून हसून गालही दुखतात.

११ ऑगस्ट, सोमवार
गिलावा सुरू. आता भिंतींच्या आत काय आहे ते फक्त मला आणि माझ्या फोनला ठाऊक. एकूण फोटो दोनशे बारा. साडूला दाखवायला बसलो. चाळिसाव्या फोटोला तो म्हणाला, छान, आणि गॅलरीतले कपडे काढायला गेला. तासाभराने मी गॅलरीत डोकावलो तर कपडे दोरीवरच होते आणि तो खुर्चीत पेपर वाचत होता.

पुस्तिका: पान ११ वर खूण आहे. पुन्हा सुरुवात करणार, नक्की.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दोनशे बाराही फोटो खात्याच्या वेबसाइटवर चढवले. प्रत्येकाला नाव दिलं. ‘मी आणि उत्तरेचा कोपरा.’ ‘मी, पायाजवळ.’ ‘छपराखाली, विचारमग्न.’ बघणाऱ्यालाही रस वाटायला हवा.

अभ्यासिकेची काच बसली. स्पीकरच्या वायरींसाठी बाहेरच्या भिंतीला सात भोकं मी स्वतः पाडली. दोन चुकली, म्हणून नऊ.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३
खात्याच्या तपासनीस बाई येऊन गेल्या. शांत बाई, हातात मेजरटेप, गळ्यात चष्मा. म्हणाल्या, सर, आपले फोटो पाहिले. मी म्हटलं, आवडले का? त्या म्हणाल्या, दोनशे बारापैकी दोनशे नऊ फोटोंत आपण आहात. मी मान लववली. त्या म्हणाल्या, त्यांतल्या एकाही फोटोत जोड नाही, कारण जोडाच्या पुढे आपण आहात. उरलेल्या तीनपैकी एकात बोट, एकात जेवणाचा डबा. तिसरा चांगला आहे, तो कुणी काढला? तो मिस्त्रीने काढला होता, मी फोन विसरून हात धुवायला गेलो तेव्हा.

पुरावा नाही म्हणजे ठरावीक जागी भिंती उघडून दाखवायच्या. चोवीस जागा.

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवा. त्या म्हणाल्या, सर, आमच्या फॉर्मवर त्याचा रकाना नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोने फोटो मागितले. सगळे बघितले, एकेक करून. शेवटी एवढंच विचारलं की एवढे शर्ट साइटवर ठेवले कुठे होते. मग पुस्तिका कुठे आहे ते विचारलं. ती खिडकीखाली पायरी म्हणून वापरत होतो. झटकून दिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
भिंती उघडल्या. मिस्त्रीचं काम चोख निघालं, ते मी आधीपासून सांगत होतो. मात्र पाच जागी बोर्डच नाही. नुसती उभी पोकळी. बाईंनी टेप लावली. अठरा इंच रुंद, खांद्यापर्यंत उंच. पाचही ठिकाणी तेवढीच.

मिस्त्रीला विचारलं. तो खाली बघून म्हणाला, साहेब तिथे फोटोला उभे होते. म्हटलं, नंतर बसवू. मग गिलाव्याची माणसं आली.

बाईंनी एकदा पोकळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. बायकोही त्यांच्यासोबत होती. दोघींचा हसण्याचा आवाज येत होता. कामाच्या जागी असं वातावरण बरं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
फोटोंचं काम बायकोने घेतलं. मी सोपवलं असं म्हणायला हरकत नाही. ती जोडाला टेप लावते, फोटो काढते, पुढे जाते. एकाच सकाळी चोवीस. कशातही माणूस नाही. अत्यंत रुक्ष संग्रह.

पुस्तिकेच्या चौऱ्याऐंशीही पानांवर तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पान ११ वर छपाईची चूक नाही म्हणे. हवा घरात यावी, पण पंख्यावाटे, मोजून. फटींतून नाही. थोडक्यात, हवेने यावं पण विचारून यावं. मी म्हटलं, हेच मी म्हणत होतो.

संकल्प: काही दिवस कमी बोलायचं.

३० ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४
हवागळतीची चाचणी. पुढच्या दाराला जाड कापड ताणून बसवतात आणि त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून हवा आत घुसते, आणि किती घुसली ते यंत्र सांगतं. मर्यादा पाच. आमचा आकडा साडेनऊ. ऐकून मी क्षणभर खूश झालो.

बाई धुराची कांडी घेऊन घरभर फिरल्या. बाकी खोल्यांत धूर सरळ वर जात होता. अभ्यासिकेत तो आडवा झाला. भोकांपाशी तर त्याची धावपळ चालली होती. टेबलावरची माझ्या पुस्तकाची टिपणं उडून बाहेरच्या खोलीत गेली. टिपणं म्हणजे दोन कागद.

बाई म्हणाल्या, दोन मार्ग आहेत. काच काढून पक्की भिंत बांधा, त्याला सहा आठवडे. किंवा ही खोली घराबाहेरची समजा. मधल्या भिंतीला इन्सुलेशन, मधे बाहेरच्या दारासारखं पक्कं दार, आणि या खोलीत घराच्या हीटरचं कनेक्शन नाही.

बायकोने विचारलं, लवकर कशाने होईल? मी बुटाची नाडी बांधत होतो. नाडी बांधून वर बघितलं तोवर ठरलं होतं.

मी विरोध केला. ही माझी खोली आहे, हिच्याशिवाय पुस्तक कसं होणार, लोक काय म्हणतील, सगळं बोललो. बायकोने मला बोलू दिलं. मग म्हणाली, पाच महिने मी सख्ख्या बहिणीच्या घरी चहा करायलाही विचारून करते. रात्री फ्रिज उघडताना आवाज होऊ नये म्हणून दार हाताने धरते. सोळा तारखेला आपण सामान घेऊन तिसऱ्या कुणाच्या घरी जाणार असू तर मी येणार नाही. ती रडली नाही, पण हा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

हो म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२.१०, अभ्यासिकेच्या आतून
दुसरी चाचणी चालू आहे. मी इथे शेवटचं मोजमाप घ्यायला आलो होतो. तेवढ्यात पलीकडून दार लागलं आणि फटींवर चिकटपट्टी लावल्याचा आवाज आला. दार वाजवलं. काही नाही. दार फारच चांगलं बसलंय. काचेच्या सरकत्या दाराला कुलूप, किल्ली बायकोकडे.

१२.२०
बाहेरून चालत बाई काचेपाशी आल्या. हातानेच खूण केली की थांबा, आता उघडलं तर आकडा बिघडेल. मीही खूण केली की माझी काही तक्रार नाही. थंडी आहे. नवव्या भोकातून वारा येतोय, त्यात रुमाल कोंबला.

१२.४५
सुटका. आकडा तीन पूर्णांक आठ. बाई म्हणाल्या, या भागातल्या नव्या घरांत इतका चांगला आकडा त्यांनी पाहिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने बायकोला सांगितलं, ताई, हे तुमच्यामुळे झालं. मी पण टाळ्या वाजवल्या, बोटांत ऊब यावी म्हणून.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दाखला मिळाला. सर्वांत वरची श्रेणी. ‘कामावर देखरेख करणारी व्यक्ती’ यापुढे बायकोचं नाव आहे. अभ्यासिकेची नोंद ‘घराबाहेरील जागा’ अशी. माझं नाव शोधलं. नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
राहायला आलो. साडू स्वतः खोकी उचलत होता, दोन-दोन एका वेळी, इतका उत्साह मी त्याच्यात कधी पाहिला नाही. बायकोने सगळ्यात आधी आपली भांडी काढली. ती मांडताना मुद्दाम आवाज करत होती. मग एका भिंतीला हात लावून जरा वेळ उभी राहिली. म्हणाली, ऊबदार आहे. मला फार बरं वाटलं. हे पुस्तकात घ्यायला हवं.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १
अभ्यासिकेत आहे. दोन स्वेटर, कानटोपी, उजवा हातमोजा बोटांपाशी कापलेला, लिहिता यावं म्हणून. पुस्तकाला नाव सुचलं. पहिलं वाक्य अजून नाही. उद्यापासून रोज दहा पानं.

१.१५
बायकोने मधल्या दारातल्या छोट्या काचेवर टकटक केली. जेवण तयार आहे असं ओरडून सांगितलं. उठून दाराला हात घातला तर तिने मान हलवली. म्हणाली, हे दार उघडलं की घरातली ऊब बाहेर जाते, तुम्ही पुढून या.

२.३०
पुढून गेलो. बूट घातले, काचेचं दार सरकवलं, अख्ख्या घराला वळसा घातला, अंगणातून पुढच्या दाराशी आलो. किल्ली आतच राहिली होती. बेल वाजवली. आतून बायकोने विचारलं, कोण आहे.

म्हटलं, घराबाहेरील जागेतून आलोय.