प्रेताची भूमिका

नारायण पेठ, पुणे
१८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. मुक्ताताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोसायटीच्या ग्रुपमधून मला काढल्यापासून फोन कपाटात ठेवला आहे, म्हणून पत्र.

गणपतीत माझे नाटक आहे. तीस वर्षे कॉलेजात ग्रीक शोकांतिका शिकवली, आता स्वतः लिहिली. गर्वाने आंधळा झालेला राजा, त्याचा सूड आणि सर्वनाश. राजा अर्थातच मी. ग्रीक नट जाड तळव्यांचे जोडे घालत. तसे वीतभर उंचीचे सुताराकडून करून घेतले आहेत.

खालच्या मजल्यावरच्या शंभूला सेनापती केले होते. त्याने तालमीत सर्वांदेखत विचारले, की महाराज शोकात आहेत की त्यांची दाढ दुखते आहे. मंडळी हसली. आता सेनापती पडदा उघडण्याआधीच मरतो आणि दीड तास प्रेत म्हणून पडून राहतो.

लोभ आहेच, तो प्रयोगाला पुढच्या रांगेत आणावा.
बद्रीनाथ


लोणी काळभोर
२५ ऑगस्ट

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद.

ह्यांचा गुडघा सोडला तर इकडे सर्व ठीक. तो दुखतो आहे, म्हणून प्रयोगाला येणे जमणार नाही.

मैना गेली आणि संसारात तू एकटा उरलास, तेव्हा दोन महिने शंभूच्या घरून तुला जेवण येत होते. त्या माणसाला तू चारचौघांना हसवल्याबद्दल मारलेस. तुझा राजा कोणाचेच ऐकत नाही, हे लिहिताना तुला ओळखीचे कोणी आठवले नाही का? शंभूला जिवंत कर. जोडेही सपाट घाल. तुझे वय चौसष्ट आहे, रंगमंचावरही तेवढेच असते.

आमच्यावर माया ठेवतोसच, त्यात थोडी अक्कल मिसळ.
तुझी ताई


पुणे
१४ सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्यातून लिहितो आहे. उजवा घोटा मोडला, बाकी शाबूत आहे.

मी शंभूला जिवंत केले नाही. तो स्वतःच झाला. शेवटच्या अंकात मी देवांना आव्हान देत असताना प्रेत उठून बसले. त्याने प्रेक्षकांना सांगितले, की महाराज हेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत आहेत आणि मेलेल्या माणसाच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते. टाळ्या पडल्या. प्रयोगातल्या पहिल्याच. मी त्याला पुन्हा मारायला तलवार उपसून धावलो. जोडे मागे राहिले, मी पुढे गेलो आणि स्टेजखाली प्रसादाच्या शिऱ्यात पडलो.

गर्दीत रिक्षा मिळेना. नाटकातली तिरडी होती, तिच्यावरून मला नेले. पुढचा खांदा शंभूने दिला, तोंडाला प्रेताची पांढरी पावडर तशीच. रस्त्यात लोक हात जोडत होते. मी मुकुटासह उठून प्रतिनमस्कार केला, तेव्हा दोघे जण पळाले. दवाखान्यात त्यांनी आधी शंभूची नाडी पाहिली.

मग डॉक्टरीणबाईंनी मला पडण्याचे कारण विचारले. शोकांतिकेतल्या राजांबद्दल हाच प्रश्न मी तीस वर्षे परीक्षेत दहा गुणांना विचारला आहे. मी सुरुवात करणार, तेवढ्यात शंभू म्हणाला, की सरांचा पाय अडकला, चूक माझी आहे. मी म्हणालो, की नाही, माझी. तो ऐकेना. आमची तिथेच जुंपली. शेवटी बाईंनी कारणाची जागा कोरी सोडली.

ममता अशीच असू द्यावी, पण मला पाहायला आठवड्याने यावे. खुर्ची एकच आहे आणि शंभू तिच्यावरून उठत नाही.
बद्रीनाथ