बटणांच्या डब्यातला पंप

अहो,

तुम्ही फिरतीवर आहात, म्हणून लिहायचं धाडस होतंय. लेकीच्या दम्याचं खापर मी तुमच्या सिगारेटवर फोडलं. बिचारे तुम्ही जिन्यात जाऊन ओढायचात, शेवटी सोडलीतच. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा रक्तातून येतो, धुरानं वाढतो. घरात आणखी कुणाला?" दमा माझ्या माहेरचा हो! आईला होता, मलाही आहे. माझा पंप शिलाई मशीनच्या बटणांच्या डब्यात लपवलेला असतो. पण हे पत्र देणार नाही, नाहीतर पुन्हा पेटवाल.

थांबा. पत्र लपवायला डबा उघडला, तर आत नवाकोरा पंप! सोबत तुमच्या अक्षरात चिठ्ठी: "जुना संपत आलाय. माझ्यावर ओरडताना धाप लागते तुला."

तुमचीच,
यापुढे हळू ओरडणारी