ठाकुर्लीला पोचवलेलं मेथीचं चीज

सुश्रुत,

मी ठाकुर्लीला आईकडे चाललेय. तिला सकाळपासून उलट्या होतायत, शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेऊन आणलंय. कुकर झालाय, वरणाला फोडणी तेवढी दे.

फ्रीजमध्ये तू बनवलेलं मेथीचं चीज उरलंय, ते टाकून दे. तुला बजावलेलं मी, पाल्याला पाणी सुटतं, साध्या चीजइतकं हे टिकत नाही. तरी तू डब्यांवर साध्याचीच शेवटची तारीख चिकटवलीस. सोसायटीतल्या बायकांनी चव घेऊन तोंडभर कौतुक केलं आणि एकीनेही विकत नेलं नाही, त्याचा तुझा राग मला कळतो. पण आत्ता तुझ्या आईंकडून कळलं, की आंबूस वास यायला लागल्यावर तू त्यांना म्हणालास, "आई, तू नको खाऊस, तुला बाधेल." आणि तेच डबे माझ्या आईला नेऊन दिलेस.

वास तिलाही आला होता. पण जावयाने स्वतः आणून दिलेलं टाकायचं कसं, म्हणून खाल्लंन. फोनवर मला म्हणते, "जावईबापूंना सांगू नकोस गं, वाईट वाटेल त्यांना."

तू तिकडे येऊ नकोस. आलास तर ती तशीच उठून तुला चहा टाकेल.

नीरजा