सासूबाईंची आरती आणि माझा कॅमशाफ्ट

दारव्हा, होळीच्या आधी, १९६२

श्री. श्रीकृष्णराव यांना वामनचा सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व खुशाल, तुमच्या मातोश्री तर आमच्याहून खुशाल. तुमची पाठदुखी कशी आहे? शीलाला भावाची फार काळजी (नवऱ्याची तिने केल्याचे मला आठवत नाही).

मातोश्री पोळ्याला आल्या, आता होळी आली. त्यांच्यामुळे घराला शिस्त लागली. मी दुपारी झोपत नाही आणि विडी गोठ्यामागे ओढतो. आम्हांला त्या जड नाहीत, पण तिकडे नागपुरात तुम्ही आईवाचून किती दिवस काढायचे? बसमध्ये त्यांना मळमळते, म्हणून माझ्या मोटारीतूनच पोचवायचे ठरले आणि त्यासाठी मी स्वतः इंजिन खोलून नवा कॅमशाफ्ट बसवला. (म्हणजे व्हॉल्व उघडणारा, उंचवट्यांचा दांडा.) प्रत्येक उंचवट्याला घट्ट ग्रीस चोळले, त्यांना टेकून व्हॉल्व उचलणारे टॅपेटही नवे घातले. असे इंजिन सुरू झाले की पहिली वीस-पंचवीस मिनिटे जोरातच पळवायचे असते. मंद ठेवले तर शाफ्टवर पुरेसे तेल उडत नाही आणि नवे उंचवटे टॅपेटवर घासून झिजतात. हे मी घरात इतक्यांदा सांगितले की शीला झोपेत म्हणू लागली.

काल सकाळी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. तेवढ्यात मातोश्री आरतीचे ताट घेऊन आल्या. "जावईबापू, जरा हळू करा नं. एवढ्या आवाजात गणपतीले काय ऐकू येईन?" त्यांनी मला काही मागण्याची ही पहिलीच वेळ (एरवी त्या सांगतात). मी इंजिन मंद केले. गणपती झाला, शंकर झाला, देवी झाली, दत्त झाला, मग मंत्रपुष्पांजली. तोवर आतून टकटक सुरू झाली. ती टाळ समजून त्यांनी सूर वाढवला. खोलून पाहिले तर दोन उंचवटे सपाट. मला रडू आले, पण प्रसाद घ्यावा लागला.

आपला,
वामन

ता. क. तुमची मोटार याच बनावटीची आहे आणि तुम्ही कचेरीत सायकलने जाता. तिचा शाफ्ट उतरवून पाठवा. त्याचे टॅपेटही पाठवा, पण कोणता कोणत्या उंचवट्याचा ते चिठ्ठी लावून. अदलाबदल झाली तर तोही जाईल.

पुन्हा ता. क. वरचे मातोश्रींना वाचून दाखवले. म्हणाल्या, "मोटार कायले पाह्यजे? माहा शिरू न्यायले आला तर मी बसनं जाईन." पोळ्यापासून तुमचे पत्र नाही, आणि पोस्टमनच्या वेळी त्या रोज ओसरीवर बसतात, हे मला आज शीलाने सांगितले. फार वाईट वाटले. तुम्ही या. शाफ्ट विसरलात तरी चालेल.