फाईलवरचा दोन

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

नोंद बरोबरच होती. तरी तो ‘जी २’ डोळ्यांपुढून जात नाही.

कर्जतहून सासूबरोबर दवाखान्यात तपासणीला आलेली मुलगी. वजनासाठी आत घेतलं तेव्हा हळूच म्हणाली, “ताई, लग्नाआधी एकदा दिवस गेले हुते, पडलं. घरी ठाऊक न्हाई. कागदावर नका लिहू.”

लिहावंच लागतं, म्हटलं. डॉक्टरांना कळायला हवं. जी २, ए १. दुसरं गरोदरपण, एक गर्भपात.

मग फाईल दिली ती सासूच्या हातात. का?

“मॅडम, आमची पहिलटकरीन हाय. ह्यो दोनचा आकडा कशाचा?” तिचं बोट त्या दोनवर. आणि मी समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. निम्म्यात माझ्या लक्षात आलं, तोवर सासूनं बोट उचललं होतं. सुनेकडे न बघता म्हणाली, “चल.”

‘डॉक्टरांना विचारा’ हे मी दिवसातून वीसदा म्हणते. आज नाही म्हटलं.

मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं. दारातून वळून म्हणाली, “येते, ताई.”