पाटावरची कवटी

लालबाग, मुंबई
फेब्रुवारी १९५९

तीर्थरूप गुणाजीमामांना,

चंपाचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? (गुडघ्याच्या वाटीला पटेला म्हणतात, हे मला आता ठाऊक झालंय. मामींना सांगा, दुखणं तेच राहील, पण नाव भारदस्त आहे.) तुम्ही पाठवलेले कुळीथ पोचले. भावाने खडे निवडून पाठवले असते तर बरं झालं असतं, असं आई म्हणाली. आणि हे तुम्हाला कळवू नको, असंही म्हणाली. बाकी सगळे खुशाल. माझी परळच्या नर्सिंगच्या शाळेतली पहिली परीक्षा झाली. ती कशी झाली हे बाबांकडून तुमच्या कानावर येईलच, पण त्यांच्या आधी माझं ऐकून घ्या.

ही परीक्षा कागदावरची नसते. टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर शरीराचा एकेक भाग, घंटा झाली की पुढच्या टेबलाशी सरकायचं. परीक्षक बाई हाड हातात देऊन विचारतात, कोणतं, डावं की उजवं, ह्याला पुढे काय जोडलेलं असतं. पुस्तकातली चित्रं पाहून हे जमत नाही. (चित्र बघून बांगडा ताजा की शिळा, ते सांगा पाहू.) शाळेतली हाडं बाहेर न्यायला बंदी. आणि नापास झालेल्या मुलीला घरी पाठवतात. घरी आलेल्या चंपाचं काय करायचं हे आत्याने आधीच ठरवून ठेवलंय. मुलगा करी रोडला राहतो आणि त्याला मिशी आहे, एवढंच मला कळलंय.

अशा वेळी मृणालिनी धावून आली. ही गिरगावातली, डॉक्टरीच्या पहिल्या वर्गात शिकणारी. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या एका सभेत आम्ही शेजारी बसलो आणि घोषणा देऊन दोघींचा घसा बसला, तेव्हापासूनची मैत्री. तिच्याकडे अभ्यासासाठी विकत घेतलेली हाडं आहेत: एक कवटी, एक हात, एक पाय आणि थोडे मणके. तिची परीक्षा माझ्यानंतर. "तुझी झाली की लगेच परत आण हं," एवढंच म्हणून तिने ती माझ्या हवाली केली, आणि मी शब्द दिला. मामा, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी ती बाजाराच्या पिशवीतून घरी आणली. आईला वाटलं सुरण आणला. तिने हात घातला, बाहेर काढला आणि भिंतीला टेकून खाली बसली. दुसऱ्या कोणी 'हे काय' म्हणून विचारलं असतं. आईने विचारलं, "हो कोण?" मी म्हटलं, ते मृणालिनीलाही ठाऊक नाही. मग ती म्हणाली, "नाव-गाव ठावक नाय, तेका इचारल्याशिवाय घरात कसा घेवचा?" आणि बाबा गिरणीतून येईपर्यंत मी, पिशवी आणि पिशवीतले गृहस्थ असे तिघे दाराबाहेर उभे राहिलो.

बाबांचा स्वभाव तुम्ही जाणताच. आमच्या चाळीत नवा स्टोव्ह पेटवायचा असला तरी आधी नारळ ठेवून जयवंतरावांचं, म्हणजे बाबांचं, देवाला गाऱ्हाणं होतं. त्यांनी हातपाय धुतले, कवटी पाटावर मांडली, पुढे विडा-नारळ ठेवला. सबंध मजला गोळा झाला. "बा पुर्सा म्हाराजा, तू खंयचो, कोणाचो, आमका ठावक नाय. आज आमच्या दारात इलस, आमच्या पाटार बसलस. आमच्या चंपाक ह्या परीक्षेत पास कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." इथे थांबायला हवं होतं. पण चाळीत गाऱ्हाणं सुरू झालं की ज्याचं त्याचं दुखणं आठवतं. शेजारच्या शांताकाकूंनी वरच्या मजल्यावर नळाला पाणी मागितलं. कोणी बोनस मागितला. जिन्यावरून एकजण ओरडला, मुंबईसकट संयुक्त महाराष्ट्र घाला. बाबांनी सगळं घातलं, आणि शेवटी रंगात येऊन म्हणाले, "ह्या सगळा पुरा होयसर तू हंयसरच रव म्हाराजा, मगे तुका मानान पाठवतलंव." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीसुद्धा म्हणाले. तोंडाला सवय असते.

अभ्यास मात्र झकास झाला. मी एकेक हाड उचलायची आणि गाऱ्हाण्याच्या चालीवर त्याचं नाव, गाव आणि सोयरे सांगायची. आई भाकऱ्या थापता थापता होकार द्यायची. (शांताकाकूंना आता मनगटातली सगळी हाडं पाठ आहेत. त्या ती भांडताना वापरतात.) नाडी मोजायला मी सबंध चाळ वापरली. बाबांची नाडी एरवी शांत चालते. 'द्विभाषिक राज्य' हे शब्द उच्चारले की मोजता येत नाही.

परीक्षेत पहिल्याच टेबलावर बाईंनी खांद्याचा फरा हातात दिला आणि माझं डोकं रिकामं झालं. करी रोडची मिशी तेवढी दिसू लागली. मग मी डोळे मिटून हळूच चाल धरली, आणि फरा, त्याचे कंगोरे, त्याला जोडलेले शेजारीपाजारी सगळे ओळीने आले. माझं संपलं तसा मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा." बोकडाच्या मूत्रपिंडांची बादली घेऊन हॉलचा शिपाई उभा होता, मालवणचा निघाला. बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं, पण गुण दिले. मामा, मी पास झाले. 

घरी येऊन मी हाडं पिशवीत भरायला घेतली, तर बाबांनी कवटी परत पाटावर मांडली आणि पिशवी खुंटीला टांगली. पास झाली हे खरं, पण नळ कुठे आहे? बोनस कुठे आहे? आणि मुंबई? सगळं पुरं होईपर्यंत त्याला इथेच ठेवायचं ठरलंय, आणि शब्द म्हणजे शब्द, म्हणाले. माझ्या शब्दाचं काय, ह्यावर त्यांनी विडी पेटवली.

घरातल्या थोरांच्या पायांवर आणि धाकट्यांच्या गालांवर माझा हात.

तुमची भाची,
चंपा

ता. क. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच. बाबा ऐकतात ते युनियनचं आणि आपल्या गावच्या रवळनाथाचं, आणि हा विषय युनियनकडे नेता येत नाही. तेव्हा तुम्ही देवळात कौल लावा: 'कवटी मोकळी करू का?' मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार, तसं बाबांना कळवा. आपल्या बागेच्या हद्दीचा वाद होता तेव्हा गुरवाने डावी पाकळी किती घट्ट चिकटवली होती, ते मी लहान असताना पाहिलंय. मृणालिनीसमोर खोटी पडायची वेळ आली तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

ता. क. दुसरा. पत्र आठवडाभर टपालात टाकायचं राहिलं, आणि तेवढ्यात मृणालिनी स्वतःच आली. पाटावर कवटी, तिच्यावर आईने वाहिलेलं जास्वंदीचं फूल. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने वाकून फूल नीट बसवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे हा जिन्याखाली असतो. त्याला वर आणलेलं कोणालाच चालत नाही." आणि बाबांना म्हणाली, "काका, माझंही एक गाऱ्हाणं घालाल का?" बाबांनी घातलं. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, पण सर्वांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाली ती तीच. मुंबई मिळेपर्यंत थांबायची आपली सगळ्यांचीच तयारी आहे, असंही म्हणाली. आता ती रोज अभ्यासाला इथेच येते आणि आई तिला कुळथाची उसळ वाढते. पहिल्याच दिवशी तिच्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या दिवशी तिने कुळीथ पाखडायला सूप मागून घेतलं.

तेव्हा कौल लावू नका. गुरवाने हौसेने लावलाच, तर ह्या खेपेला डावी आधी पडू दे. आणि कुळीथ आणखी पाठवा. खडे असले तरी चालतील, निवडायला आता आमच्याकडे गिरगावची माणसं येतात.